तालमीत एक्सेल

(कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीची ओसरी. आत सपाटे चाललेत. पालक आयटीतले, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये तक्ता.)

पालक : नमस्कार वस्ताद. मुलासाठी मार्शल आर्टचा क्लास शोधतोय. पाच शॉर्टलिस्ट केलेत, त्यात तुमची तालीम आहे.

वस्ताद : उपकार झालं. पोरगं कुठं हाय?

पालक : गाडीत गेम खेळतोय. त्याचं नंतर बघू. आधी तुमची बेल्ट सिस्टीम सांगा.

वस्ताद : बेल्ट?

पालक : कराटेत असतात ना. पांढरा, पिवळा, केशरी, हिरवा… करत करत काळा. प्रगती डोळ्यांना दिसते.

वस्ताद : आमच्यात लंगोट. पहिल्या दिवशी लाल, मैदान मारलं तरी लालच.

पालक : मग मुलगा कुठवर आला, हे कळणार कसं?

वस्ताद : पाठीची माती बघायची.

पालक : (टाइप करत) ‘फीडबॅक : माती.’ बरं, एका क्लासने दीड वर्षात ब्लॅक बेल्टची लेखी हमी दिलीय.

वस्ताद : परीक्षा घेत न्हाईत व्हय?

पालक : घेतात की! दर बेल्टला. फी वेगळी.

वस्ताद : नापास किती हुत्यात?

पालक : एकही नाही. शंभर टक्के निकाल.

वस्ताद : मग पैसं भरल्याची पावती कमरंला बांधायची, आणि काय.

पालक : पण कराटे ऑलिम्पिकमध्ये आहे.

वस्ताद : एकदाच हुतं, टोकियोला. पॅरिसला काढलं. तायक्वांदो मातूर २००० च्या सिडनीपास्नं पदकाचा खेळ हाय.

पालक : तुम्हाला हे…

वस्ताद : कान मोडल्यात, डोळं न्हाईत. पेपर वाचतो.

(पालकांचं लक्ष आत्ता त्या कानांकडे जातं. दोन्ही भज्यांसारखे फुगून घट्ट झालेले.)

पालक : हे कशाने झालं?

वस्ताद : कुस्तीत डोकं घासून घासून. ह्यो आमचा काळा पट्टा. आंघुळीला बी काढता येत न्हाई.

पालक : याच्या आईने हे बघितलं तर…

वस्ताद : भिऊ नगा. आठ वर्साच्या पोराला कोण लगीच खडाखडी लावतंय? आधी पळायचं, दोर चढायचा, कोलांट्या मारायच्या. आणि पडायचं. लागू न देता पडाय शिकवण्यातच निम्मं वरीस जातंय.

पालक : पडतो तो रोजच. फुकटात. आणि मातीच्या हायजीनचं काय?

वस्ताद : त्या हौद्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असतोय. तुमच्या दिवाळीच्या उटण्यात बी एवढं नसंल.

पालक : पण मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीतून पुढे स्कोप काय?

वस्ताद : गोळेश्वरचं खाशाबा जाधव मातीतलंच. १९४८ ला लंडनला मॅटवर सहावं आलं, १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं. जायला पैसं न्हवतं, तवा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. तुमच्या त्या तक्त्यात गहाणाचा रकाना हाय का?

पालक : (घाईने) तुमची फी किती?

वस्ताद : नावापुरती. खुराक तेवढा तुमचा. दूध, तूप, बदाम, थंडाई.

पालक : (आकडे मांडून, खोल आवाजात) तो रकाना घालावा लागेल.

(थोडा वेळ आतले हुंकारच ऐकू येतात.)

पालक : निवडायचं तरी कसं, वस्ताद? डेमो सगळ्यांचेच झकास. एकाने तर हाताने कौलं फोडून दाखवली.

वस्ताद : पोराला गवंडीकाम शिकवायचंय काय? पुढच्या रांगंतली पोरं बघू नगा, ती दाखवायलाच पुढं असत्यात. मागचं रडकं पोरगं हेरा आणि मास्तर त्याच्याकडं कितींदा वळतोय ते मोजा. आणि आईबापाला दाराशी अर्धा तास बसू देत न्हाईत, त्या पायरीवर चप्पल बी काढू नगा. पण मला सांगा, ह्ये सगळं कशापायी?

पालक : वर्गातली एक मुलगी त्याला बडवते.

वस्ताद : उगंच?

पालक : उगाच म्हणजे… हा तिचा डबा पळवतो.

वस्ताद : रोज?

पालक : साटोरी असेल त्या दिवशी.

वस्ताद : आणि बाकीच्या दिवशी ती मारत न्हाई?

पालक : छे, ढुंकूनही बघत नाही.

वस्ताद : शिकत्या कुठं ती?

पालक : आमच्याच गल्लीत, तायक्वांदोला. यादीत पाचवा आहे तो क्लास. धड बोर्डसुद्धा नाही हो.

वस्ताद : मग हितं कशाला आलासा? डेमो तर घरबसल्या बघतासा! पायजे तवाच मारत्या, पायजे तेवढंच मारत्या. तिथंच घाला त्येला.

पालक : अहो पण वस्ताद, तिथे रोज मार खाईल तो!

वस्ताद : आणि हितं काय आम्ही पेढं वाटतोय?