चढा, पण रांगेत!

पावसाळा लागला की शहाणी माणसं पूर्वी खिडकीत बसून कांदाभजी खायची. डोंगर दुरून साजरे, हे वाडवडिलांनी काय उगाच सांगून ठेवलं होतं? पण ऐकतंय कोण! मृगाचा पहिला शिंतोडा पडायचा अवकाश, पुण्या-मुंबईची निम्मी वस्ती पाठीला सॅक लावून सह्याद्रीवर चाल करून जाते. शनिवारी रात्री अकराला बस. पहाटे पायथ्याच्या गावात पोहे-चहा. मग गोल करून नाव, गाव, नोकरी सांगायची, महाराजांच्या नावाची गर्जना ठोकायची आणि... रांगेत उभं राहायचं!

खोटं वाटतंय? हरिहरला जाऊन या. त्र्यंबकेश्वराजवळच्या या किल्ल्याच्या कातळपायऱ्या जवळजवळ उभ्या. हात रोवायला दोन्ही कडांना खोबण्या कोरलेल्या. 1818 मध्ये त्रिंबक पडल्यावर हा किल्ला इंग्रजांकडे गेला, तेव्हाही एका दिवसात एवढी माणसं इथे चढली नसतील. वरून उतरणारे पायऱ्यांना पाठ टेकून खोळंबलेले, खालून चढणाऱ्यांच्या नाकासमोर पुढच्याचे बूट. आणि ऐन मध्यावर एक ताई हात सोडून रील करताहेत. ‘अहो, सरका ना!’ सरकू कुठे? एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नाशिक जिल्हा!

कळसूबाईची तऱ्हा तीच. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, म्हणजे जायलाच हवं. बारी गावातून अंधारात निघालेल्या विजेऱ्यांची माळ शिखरापर्यंत लागते आणि लोखंडी शिड्यांपाशी अडते. एकांत शोधायला आलेली मंडळी तिथे एकमेकांच्या खांद्यावर धापा टाकतात. निसर्गात कसं शांत वाटतं नाही? हे वाक्य ओरडून म्हणावं लागतं, कारण शेजारच्याच्या सॅकमध्ये स्पीकर वाजत असतो.

नाणेघाटाचं तर विचारूच नका. दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा व्यापारी रस्ता, गुहेत नागनिकेचा ब्राह्मी लेख, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो भलाथोरला दगडी रांजण. लोक बघतात काय? उलटा धबधबा! वारा पाणी वर फेकतो, पाणी तोंडावर येतं, की धन्य झाले. नागनिका बिचारी गुहेत बसली आहे, तिला एक सेल्फी नाही. सरकारने तो रांजण पुन्हा चालू करावा. एका श्रावणात तिजोरी भरेल.

मे सरता सरता काजव्यांची यात्रा भरते, ती आणखी खमंग. भंडारदऱ्याच्या परिसरात, राजमाचीला, हिरड्या-सादड्यांची झाडं काजव्यांनी लखलखतात. नर बिचारे मादीला खुणावत असतात. खाजगी मामला! त्यात आपण गाड्यांचे दिवे लावून घुसतो आणि ‘दिसत का नाहीत?’ म्हणून मोबाइलची बॅटरी मारतो. इतक्या साक्षीदारांसमोर कुणाचं लग्न जमेल?

पण खरी मजा बाटलेल्यांची. दुसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरीला फाडून खायचे. तेच आता जिन्यात अडवून सांगतात, ‘राजगडाची वाट तशी सोपी हो, घसारा तेवढा सांभाळायचा.’ घसारा! कालपर्यंत हा शब्द त्यांनी फक्त ताळेबंदात पाहिला होता. काकूंनी दोन काठ्या, पावसाळी जाकीट आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी घेतली. कशाला? तर सिंहगडाला, जिथे थेट वर गाडी जाते. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, वर आणखी एक दही, आणि उतरताना घड्याळात जळालेल्या कॅलरी बघून कृतकृत्य.

त्यात 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घातले. झालं, आगीत तेल! आता लग्नाच्या पंगतीत विचारतात, ‘बारापैकी किती झाले?’ साल्हेर झाला, प्रतापगड झाला, खांदेरीला बोट लागते म्हणून राहिला. बारावा जिंजी निघाला तमिळनाडूत. आता रजेचा अर्ज कसा लिहायचा? ‘स्वराज्याच्या कामासाठी’?

एक मात्र मानलं पाहिजे. पायथ्याच्या गावात ज्या मावशी पूर्वी चुलीवर घरापुरत्या भाकऱ्या थापायच्या, त्या आता रविवारी पन्नास पानं उठवतात आणि ‘स्कॅन करा’ म्हणून पोराच्या फोनवर पैसे जमा करणारा कागद पुढे करतात. या सगळ्या वेडात शहाणं कुणी असेल, तर त्याच. डोंगर रोज समोर असतो, कधी फोटो काढलेला ऐकिवात नाही. ‘कशाला येता एवढं भिजत?’ असं त्या विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ठेचा वाढतात.

तुम्ही त्यातले नाहीच म्हणा! तुम्हाला हा थिल्लरपणा अजिबात आवडत नाही, गर्दीचा तर तिटकारा. बरोबरच आहे. मग बाल्कनीत पेपरचे बोळे कोंबून वाळत ठेवलेले ते चिखलाचे बूट कुणाचे हो?