कोटणीसांचा एच-इंडेक्स

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा प्राध्यापकपदाचा अर्ज छाननीत बाद झाला. अर्ज त्यांनी केला नव्हता, आम्हीच केला होता. सोलापूरच्या भय्या चौकातून जाता-येता त्यांचं स्मारक दिसतं. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या गावात एखादी कायमची नोकरी असावी.

अडचण ‘प्रकाशने’ या रकान्यापासूनच सुरू झाली. इंडेक्स्ड नियतकालिकातला एकही शोधनिबंध आम्हाला सापडला नाही. चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. पण 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, पुस्तकाआधी लेखकच संपला. अर्ध्या पुस्तकाला गुण नाहीत, असं छाननीवाल्या कारकुनांनी खेदाने सांगितलं. खेद पुस्तकाचा होता की गुणांचा, ते कळलं नाही.

‘अनुभव’ या रकान्यात मात्र आम्ही हात सैल सोडला. 1938 मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला रवाना. 1940 च्या एका लढाईत सलग 72 तास न झोपता जखमींवर शस्त्रक्रिया. 1941 पासून बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख. कारकुनांनी चष्मा कपाळावर चढवला. “72 तास? बायोमेट्रिक हजेरी जोडलीय का?”

शेजारी एक तरुण डॉक्टर बढतीची फाइल घेऊन बसले होते. ते हळहळले. “एवढ्या केसेस वाया घालवल्या हो! दर पन्नास जखमींमागे एक पेपर काढता आला असता. उजव्या पायाचा वेगळा, डाव्याचा वेगळा.” त्यांच्या स्वतःच्या एका पेपरवर सात नावं होती. सहाव्या नावाचे गृहस्थ कोण, हे त्यांनाही आठवेना. पंगतीला बसलेल्याला कुणी विचारतं का, तू वधूकडचा की वराकडचा?

आमच्याबरोबर चादरवाले काका होते. त्यांना एच-इंडेक्स समजेना. डॉक्टरांनी समजावलं, “2005 मध्ये हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलं हे. तुमचे दहा पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा दाखला निदान दहा पेपरांत आलाय. मग तुमचा इंडेक्स दहा.”

“म्हणजे माझ्या दहा चादरी अशा पायजेत, की एकेकीवर कमीत कमी दहा माणसं झोपलीत?”

“बरोबर.”

“आणि घरचीच दहा झोपली तर?”

“त्याला सेल्फ सायटेशन म्हणतात.”

“आणि मी शेजारच्याच्या चादरीवर झोपायचं, त्यानं माझ्या?”

डॉक्टर फाइल चाळू लागले. काकांना पटलं. नकली मालावर ‘सोलापुरी’ची चिठ्ठी लावून विकणारे त्यांनी आयुष्यभर पाहिलेत, धंद्याची रीत त्यांना नवी नव्हती. फक्त आपण उगाच सूत, रंग आणि वीण बघत बसलो, एवढंच त्यांना वाईट वाटलं.

आम्ही शेवटचा पत्ता टाकला. या माणसावर ख्वाजा अहमद अब्बासांनी पुस्तक लिहिलं, 1946 मध्ये व्ही. शांतारामांनी सिनेमा काढून स्वतः भूमिका केली, चीनने टपाल तिकीट काढलं, भारतानेही काढलं. हे दाखले नव्हेत तर काय? कारकुनांनी यादी वाचली. “तिकिटाला डीओआय नंबर आहे का? आणि हे बघा, बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्चचं प्रमाणपत्रही नाही. ऑनलाइन असतो, साहेबांना करायला सांगा.”

तेवढ्यात डॉक्टरांनी मोबाइलवरची एक बातमी दाखवली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकाने, दाखल्यांचा बाजार किती स्वस्त आहे हे दाखवायला, आजीच्या मांजराच्या नावावर 12 निरर्थक निबंध चढवले आणि तसलेच आणखी निबंध रचून त्यांत या बाराचे दाखले दिले. गूगल स्कॉलरने इमानाने मोजदाद केली. लॅरी नावाच्या त्या बोक्याला 132 दाखले आणि एच-इंडेक्स 11 मिळाला. पुढे ते दाखले काढले गेले, पण थोडे दिवस का होईना, तो जगातला सर्वाधिक दाखल्यांचा बोका होता.

काकांनी कोटणीसांच्या अर्जावरचं शून्य पाहिलं, मग मोबाइलवरचे अकरा.

“साहेब,” त्यांनी कारकुनांना विचारलं, “त्या बोक्याचा अर्ज आलाय का?”

कारकुनांनी आवक-नोंदवही उघडली. बोट लावून सावकाश खालपर्यंत पाहिलं.

“अजून नाही. मुदत शुक्रवारपर्यंत आहे.”