तापलेल्या लॅपटॉपची शुश्रूषा

लॅपटॉप तापला म्हणजे प्रथम काय करावे? अण्णांना हाक मारावी. अण्णा म्हणजे आमचे वडील, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. ते चष्मा कपाळावर चढवतात, पालथा हात लॅपटॉपच्या पोटाखाली घालतात आणि डोळे मिटून सांगतात, "कणकण नाही ही. चांगला ताप आहे." ज्यांच्या घरी अण्णा नाहीत त्यांनी तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, पण त्याला मिठाची पट्टी ठेवू का, असं विचारता येत नाही.

निदान. पंखा सारखा घरघरतो, माऊसचा बाण गुळात अडकल्यासारखा सरकतो आणि एक्सेलमधली साधी बेरीज करतानाही यंत्र विचारात पडतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. मे महिन्यात दुपारी दोनला क्रांती चौकातले रिक्षावाले सावली धरून पाय वर घेतात, तसंच हे. त्याला आळशी म्हणू नये.

यानंतर खोक्यातली पुस्तिका वाचावी. ती कोणी वाचत नाही. अण्णांनी वाचली, पेन्सिलीने रेघा मारत. त्यात लिहिलं होतं, वापरण्याचं तापमान 10 ते 35 अंश. बहुतेक लॅपटॉपांची वरची मर्यादा हीच असते, आणि हे अंश यंत्राच्या पोटातले नव्हेत, तुमच्या खोलीतले. आता आमच्या छत्रपती संभाजीनगरात मार्च सरत आला की दुपारचा पारा पस्तिशी ओलांडतो, मेमध्ये चाळिशी. आम्ही लॅपटॉप घेतला गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, भर दुपारी. म्हणजे दुकानाची पायरी उतरतानाच तो नियमबाह्य झाला होता.

पथ्य. गादीवर ठेवू नये. (मी ठेवतो.)

मागच्या दोन कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं सरकवावीत. हजार रुपयांच्या स्टँडचं बरंचसं काम ती करतात. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 वरून 99 टक्क्यांवर आणावी. एकच टक्का, पण तेवढ्याने टर्बो बंद होतो आणि ताप बऱ्यापैकी उतरतो. काही लॅपटॉपांत ही सेटिंग लपवलेली असते, शोधावी लागते. बायको म्हणाली, तुमच्यासाठी अशी सेटिंग कुठे मिळते का बघा.

कूलरच्या झोतात मात्र लॅपटॉप धरू नये. हा मोह आपल्याकडे फार. गवताच्या जाळ्यांतून येणारा वारा थंड असतो तसाच दमटही, आणि एखादा थेंब कीबोर्डवर उडाला की तापाचा प्रश्न कायमचा मिटतो. शिवाय ज्या गावात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, तिथे कूलरची टाकी कोणासाठी भरायची हा घरातला राजकीय प्रश्न आहे. अण्णांचं म्हणणं, पाण्याने गारवा घ्यायचा तर पाणचक्कीसारखा घ्यावा. तिथल्या हौदाच्या तळाखाली मोठं दालन आहे; डोक्यावर पाणी, खाली माणसं, अंगावर थेंब नाही. "गारवा पाहिजे, ओल नको. तुमच्या इंजिनिअरांना हे कळायला पाहिजे," असं ते माझ्याकडे बघून म्हणतात. मी हिशेबनीस आहे.

साफसफाई वॉरंटी संपल्यावरच करावी. आधीचा लॅपटॉप मी उघडला, तेव्हा पंखा आणि तांब्याच्या जाळीमध्ये धुळीचा असा थर निघाला की हिमरूवाल्यालाही सूत कमी पडलं नसतं. ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात टूथपिक अडकवावी. नाहीतर तो हवेने वाटेल तसा गरगरतो आणि बेअरिंग जातं. माझं गेलं.

आता कंपनी. ती कुठली ते सांगत नाही, उगाच वाद नको. फोन करण्याआधी लॅपटॉप पालथा घालून सिरियल नंबरचा मोबाईलवर फोटो काढावा. तो नंबर ज्या आकारात छापतात त्या आकारात अथर्वशीर्ष तांदळावर लिहितात.

पुढचा प्रश्न येतो, "सर, आपलं शहर?" इथे सावध राहावं. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, कंपनीची यादी बदलली नव्हती. यादीत औरंगाबाद दोन, एक बिहारातलं. फोनवरच्या मुलीने कुठलं दाबलं हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तंत्रज्ञाचा फोन आला, "अंकल, जीटी रोड से किधर मुड़ना है?" अण्णांनी त्याला जालना रोडवरून व्यवस्थित पत्ता सांगितला. दहा मिनिटं दोघे एकमेकांना खाणाखुणा देत होते. शेवटी पोराने पिन विचारला. आमचा 431 ने सुरू होतो, त्यांचा 824 ने. अण्णा घाईने फोन ठेवणाऱ्यांतले नाहीत. "आपके यहाँ धूप कितनी है?" "चौवालीस, अंकल." "अरे बाप रे. पानी पीते रहो बेटा."

तेव्हा आधी पिन सांगावा, मग नाव.

खोली किती तापली होती हे कंपनी विचारतेच. एक्केचाळीस म्हणालात की ते पुस्तिका काढतात. म्हणून बिघाड सकाळी सहाला, तिशीच्या आत पारा असताना करून दाखवावा, घड्याळ आणि थर्मामीटर दोन्ही व्हिडिओत घ्यावेत. तोंडी बोलू नये, ईमेल करावा, तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहावा. तरी दाद लागली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्कही नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. सकाळच्या व्हिडिओनंतर आठवड्याने पंखा बदलून मिळाला.

परवा दुपारी अण्णांचा मोबाईल वाजला. बिहारातलाच तो. तिकडे पहिला पाऊस पडला म्हणाला. अण्णांनी त्याला जायकवाडीत किती पाणी उरलंय ते टक्क्यांत सांगितलं.