टेक्सासातली ठासणी

टेक्सासमध्ये लोक शनिवारी जातात तरी कुठे, असं भाच्याला विचारलं, तर तो मला थेट बंदुकांच्या बाजारात घेऊन गेला. फोर्ट वर्थच्या पलीकडे, जत्रेच्या मैदानावरचं एक अवाढव्य पत्र्याचं गोदाम. घरून आणलेल्या बंदुका रिकाम्या आहेत ना हे बघून दारावरचा पोलीस त्यांना प्लॅस्टिकची पट्टी बांधत होता. माझ्याकडे फक्त छत्री होती. तिच्याकडे मात्र त्यानं बराच वेळ संशयानं पाहिलं.

भाच्याला हवं होतं ठासणीचं रिव्हॉल्वर: 1851च्या कोल्ट नेव्हीची इटालियन नक्कल, तीही सेकंडहँड. तिथल्या 1968च्या केंद्रीय कायद्याच्या लेखी ही बंदूकच नव्हे. 1898 पर्यंतची हत्यारं आणि त्यांच्या बिनकाडतुसी नकला त्या कायद्यानं वगळल्यात.

"म्हणजे मामा, कायद्यानं खेळणंच की!"

"हे बायकोला सांगितलंस का?"

"तिचा कायदा वेगळा आहे."

पहिल्याच टेबलावर राखाडी फौजी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. त्यांनी झळझळीत पितळी चौकटीचं रिव्हॉल्वर माझ्या हातात ठेवलं. "सर, यादवी युद्धातली दक्षिणेची फौज हेच वापरायची." नळीवर 44 कॅलिबर लिहिलेलं. आता खरी नेव्ही 36 कॅलिबरची आणि लोखंडी चौकटीची. युद्धात दक्षिणेला लोखंडाची टंचाई पडली तेव्हा जॉर्जियातल्या ग्रिसवोल्डच्या कारखान्यानं पितळी चौकटी ओतल्या, पण कॅलिबर 36च ठेवलं. 44ची पितळी नेव्ही ही अलीकडची इटालियन कल्पना. अस्सल वस्तूची नक्कल मी आपल्याकडे खूप पाहिली आहे. मुळात नसलेल्या वस्तूची नक्कल बघायला मात्र अमेरिकेचं तिकीट काढावं लागलं.

"जेमतेम उडवलंय, सर," आजोबा म्हणाले. भाच्यानं सिलिंडर काढून मागची चौकट दाखवली. दारू दाबून भरली की पितळ हळूहळू मार खातं, आणि सिलिंडरच्या दात्यांचा ठसा चौकटीवर उमटतो. इथला ठसा तलाठ्याच्या शिक्क्यापेक्षा स्पष्ट होता. आजोबांनी तो पाहिला आणि दक्षिणेच्या पराभवाची कारणं सांगायला घेतली.

पलीकडच्या टेबलावरच्या बाई कमी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांच्याकडे लोखंडी चौकटीचं 36 होतं. कोल्टची नळी एका पाचरीवर अडकलेली असते. बाईंनी लाकडी हातोडीनं ती ठोकून काढली आणि सगळे भाग फडक्यावर मांडले. भाच्यानं घोडा सावकाश ओढून खटखट ऐकली, सिलिंडर हलवून पाहिला, मोबाइलचा उजेड नळीत सोडला. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते. उडवल्यावर धुतलं नाही की नळीला खड्डे पडतात. इथे खड्डे थोडेच होते. सिलिंडरवर 1843ची कांपेचेची आरमारी लढाई कोरलेली असते, टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोशी झालेली. यावरची निम्मी जहाजं गंजानं बुडवली होती.

वयाचा दाखला नळीवरच असतो. इटलीच्या सरकारी चाचणीघराचा शिक्का, आणि चौकोनात दोन अक्षरं: 'एए' म्हणजे 1975, 'एबी' म्हणजे 1976. हे 'एबी' होतं. म्हणजे युद्ध संपून शतक उलटलेलं, आणि मी हाफपँटीत शाळेला जात होतो.

बाई म्हणाल्या दोनशेवीस डॉलर. मी तुळशीबागेच्या शिस्तीनं निम्म्यापासून सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या इतर मालाकडे पाहिलं. दोनशेवर मिटलं.

दुसऱ्या दिवशी चांदमारी झाली, आणि संध्याकाळी ते पिस्तूल स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये साबणाच्या गरम पाण्यात पडलं होतं. त्याला हीच आंघोळ लागते. घरभर सडक्या अंड्यांचा वास; गंधकाची कृपा. सूनबाईंचा कायदा तासाभरात लागू झाला आणि पुढची आंघोळ गॅरेजमध्ये ठरली.

"मामा, तूही घे की एक," भाचा म्हणत होता. वाचकहो, तुमचा भाचा असं म्हणाला तर मोहात पडू नका. आपल्याकडे चालू स्थितीतल्या ठासणीच्या हत्यारालाही परवाना लागतो.