लसावि सर

खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण तीन पिढ्यांच्या पोरांनी ते कधी वाचलं नाही. वाड्याच्या माडीवर शिकवणी, जिन्यावर चपलांचा ढीग, आणि वर लसावि सर.

एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असं कुणी लिहिलं की सर रागवत नसत, चष्मा पुसत. "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तुकडा खाल्लास, आणि पोटात गेली अर्ध्याहून कमी? अशी भाकरी आमच्या घरी नको."

आठवीत क्ष आला आणि सरांना खरा बहर आला. क्षवर्ग वजा ४ आणि क्ष वजा २ असे छेद दिसले, की आम्ही डोळे मिटून दोघांचा गुणाकार करायचो आणि पानभर राक्षस उभा करायचो. सर म्हणत, "अरे, क्ष वजा २ त्याच्या पोटातच बसलाय. अवयव पाड, म्हणजे दिसेल. घरात असलेल्या माणसाला पुन्हा आमंत्रण कशाला?" क्ष वजा २ आणि २ वजा क्ष ही त्यांच्या लेखी भाऊबंदकी होती: "सख्खे आहेत, नुसती तोंडं फिरवलीत. उणे एक बाहेर काढ, बसतील एका पंगतीला."

पण सरांचं खरं दुःख म्हणजे वजाबाकीतला कंस. ५ मधून क्ष वजा ३ वजा करायचे, तर आम्ही ५ वजा क्ष वजा ३ लिहून मोकळे! उत्तर ८ वजा क्ष, आमचं २ वजा क्ष. या एका कंसापायी सरांचे केस गेले, असा आमचा अंदाज होता. (सरांचे वडीलही टकले होते, हे नंतर कळलं.)

एकदा सहल चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे तिथे. सगळे तिथल्या देवीच्या पाया पडले, सर शिलालेखाच्या. "११५० साली लीलावती लिहिली या माणसानं. तेव्हा अंशाखाली छेद नुसता मांडत, मध्ये रेघसुद्धा नाही. रेघेवाचून समच्छेद! आणि तुम्हाला पट्टी देऊन जमत नाही."

उत्तराखाली 'छेद शून्य नसावा' ही अट लिहिली नाही, तर अर्धा गुण जाई.

माझ्या लग्नात सर आले. पाकीट हातात दिलं, नवरीकडे चष्म्यावरून पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकले.

"बाकी ठीक आहे. अट तपासलीस ना?"