फॉलोअपकाका

शीवच्या कुठल्याही जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत एक फॉलोअपकाका असतातच. कचेरीतून निवृत्त, बुशशर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल. सकाळी उठून ते दोनच गोष्टी घेतात: चहा आणि फॉलोअप.

शाळेत त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकली, पुढे रेन अँड मार्टिनही चाळलं. पण हा शब्द भेटला तो नोकरीत. साहेबांनी एका फाइलीवर लाल शाईने लिहिलं, 'प्लीज फॉलो अप'. फॉलो म्हणजे मागोमाग जाणे, अप म्हणजे वर. शिपायाने फाइल तिसऱ्या मजल्यावर नेली, काका तिसऱ्यावर; ती चौथ्यावर गेली, काका चौथ्यावर. संध्याकाळी सही घेऊनच खाली उतरले. साहेब खूश. माझ्या मते या क्रियापदाचा इतका अचूक अर्थ डिक्शनरीवाल्यांनाही लागलेला नाही.

बारकावे मागाहून कळले. पत्र लिहिणं म्हणजे फॉलोअप नव्हे. 'आमच्या पत्राचं काय झालं?' असं विचारणारं दुसरं पत्र, तो फॉलोअप. म्हणून पहिलं पत्र काका कधीच लिहीत नाहीत. ते सेक्रेटरीने लिहावं. गच्चीवरच्या टाकीची गळती थांबली तेव्हा बिल्डिंगभर पेढे वाटले गेले. काका सुतकी चेहऱ्याने फाइल बांधत बसले होते.

एकदाच त्यांची पंचाईत झाली. लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'फॉलोअप पंधरा दिवसांनी'. काका घरी वाट बघत बसले. सोळाव्या दिवशी जाऊन त्यांनी डॉक्टरांनाच झापलं, "काय हो, आला नाहीत?"

स्टेशनजवळचा 1912चा पूल बंद करायच्या तारखा पुढे पुढे जात होत्या, तो काकांचा सुवर्णकाळ. अखेर 1 ऑगस्ट 2024ला पूल वाहतुकीला बंद झाला, तरी त्यांनी धीर सोडला नाही. पाडायचं काम बाकी होतं, नवा बांधायचा तर पुढेच होता! रोज सकाळी फाइल घेऊन पत्र्याच्या कुंपणापाशी हजर. आत डोकावायचं, मान हलवायची, वहीत टिपायचं. पहिले काही दिवस तिथल्या वॉचमनने हटकलं, मग तो सलाम ठोकू लागला. आणि एके दिवशी स्टूल पुढे सरकवत त्यानेच अदबीने विचारलं, "साहेब, काम कुठवर आलंय?"