गाडी गाजवावी कशी?
नवोदितांसाठी सुलभ मार्गदर्शन

पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. मोटार बाजारात यायच्या आधी अशा संस्थांमध्ये तिच्या नाना चाचण्या होतात, त्यांतली एक आवाजाची. मायक्रोफोनपासून साडेसात मीटरवरून गाडी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून नेतात. आवाज ७४ डेसिबलच्या आत राहिला तर ठीक, नाहीतर गाडी परत कारखान्यात. त्या ७४ च्या आत बसण्यासाठी इंजिनिअर मंडळी वर्षानुवर्षे खपतात. मग गाडी शोरूममध्ये येते, हार घालून, पेढे वाटून घरी जाते आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या आत मालक फिटरच्या कानाशी लागून विचारतो, "हिचा आवाज कधी निघणार?"

प्रस्तुत मार्गदर्शन त्या मालकासाठी आहे.

पात्रता

गाडी 'स्पोर्टी' असावी. स्पोर्टी म्हणजे सीटला लाल शिलाई, छताला काळा रंग आणि पाठीमागे दोन-तीन इंग्रजी अक्षरे. आपल्याकडे अशा गाडीच्या बॉनेटखाली बहुधा एक लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन असते. ११० अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते, मायलेजही बरे देते. त्यात दोष एकच, ते कोणाला त्रास देत नाही. हा दोष दूर करणे हे आपले उद्दिष्ट.

घरच्यांची परवानगी घेण्याची गरज नाही. त्यांना कळतेच.

थोडी थिअरी

चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तीन सिलिंडरचे इंजिन सेकंदाला ७५ बार काढते. चार सिलिंडरचे १००, आठचे २०० आणि बारा सिलिंडरची फेरारी असेल तर ३००. गाडीचा सूर कानाला ओळखू येतो तो मुख्यतः या आकड्यावरून. सायलेन्सर काढला, कापला किंवा नदीत टाकला तरी ७५ चे ३०० होत नाहीत. आवाज चढतो, पट्टी बदलत नाही. तेव्हा मनाची तयारी आधीच करावी: आपली गाडी फेरारीसारखी वाजणार नाही, ती आपल्या गाडीसारखीच वाजेल, फक्त चौकापलीकडे ऐकू येईल.

दुसरा मुद्दा डेसिबलचा. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, ध्वनीची शक्ती मात्र दहापट होते. ७४ चे ९४ केले तर शक्ती शंभरपट. शंभरपट ऐकून हुरळून जाऊ नये. साडेसात मीटरवर ९४ डेसिबल भरणाऱ्या आवाजाची एकूण शक्ती हिशेबाने काढली तर ती एका वॉटच्या आतच येते. मोबाइलचा चार्जर याहून जास्त वीज घेतो. तुमचे इंजिन ८० किलोवॉटचे, म्हणजे ८० हजार वॉटचे आहे. त्यातल्या एका वॉटमध्ये सगळी सोसायटी जागी होते. उरलेले ७९ हजार ९९९ वॉट बिचारे निमूटपणे गाडी ओढतात, म्हणून त्यांची कोणी रील काढत नाही.

पायरी पहिली: काच खाली करणे

खर्च शून्य. एक्झॉस्टचे तोंड गाडीच्या मागे असते हे अनेकांच्या लक्षात पैसे भरल्यावर येते. आवाजाचा पहिला लाभ मागच्या रिक्षावाल्याला, दुसरा फुटपाथवरच्या आजोबांना आणि काचा लावून एसीत बसलेल्या मालकाला सगळ्यात शेवटी. त्यामुळे मालकाने अधूनमधून मित्राच्या हाती गाडी द्यावी आणि स्वतः फुटपाथवर उभे राहून ऐकावे. आजोबा सोबतीला असतीलच. त्यांचे मत विचारू नये, ते न विचारता मिळते.

पायरी दुसरी: फिल्टर उघडा करणे

कंपनी हवेचा फिल्टर एका बंद डब्यात ठेवते. तो डबा हवा ओढण्याचा आवाजही दाबतो. डबा काढून तिथे मशरूमच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच घरघर सुरू होते. मात्र आता इंजिन बाहेरची थंड हवा न घेता बॉनेटखालची तापलेली हवा घेते. गरम हवा विरळ, तिच्यात ऑक्सिजन कमी, त्यामुळे ताकद थोडी उतरते. पण आवाज वाढल्याने ती वाढल्यासारखी वाटते, आणि या छंदात वाटण्याला महत्त्व आहे.

पायरी तिसरी: रेझोनेटर काढणे

इंजिनातून धूर निघाला की तो टर्बो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, रेझोनेटर आणि मफलर अशा वाटेने मागे जातो. टर्बो धुरातली ताकद आपल्या चक्रीसाठी काढून घेतो, म्हणून टर्बो गाड्या जात्याच मवाळ वाजतात. रेझोनेटरचे काम वेगळे. गाडीच्या आत जो एक ठरावीक घुमणारा सूर डोके उठवतो, नेमका तेवढाच तो गिळतो. फिटर तो कापतो, मधे सरळ पाइप वेल्ड करतो आणि हात पुसत म्हणतो, "आता बघा."

शहरात खरेच बरे वाटते. खरा परिणाम मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर कळतो. १०० च्या वेगमर्यादेला गाडी स्थिर धरली की तो गिळलेला सूर परत येतो आणि साडेचौऱ्याण्णव किलोमीटर सोबत करतो. लोणावळ्याच्या पुढे घरची मंडळी बोलेनाशी होतात. यात काही जणांना फायदाही दिसतो.

पायरी चौथी: मफलर, अर्थात पुंगळी काढणे

हा आपल्या परंपरेचा गाभा. मफलरमध्ये दोन युक्त्या असतात. लहान-मोठ्या कप्प्यांत लाटा एकमेकींवर आपटून जिरतात आणि भोके पाडलेल्या नळीभोवतीची काचलोकर उरलेला आवाज शोषते. बुलेटवाल्यांनी या दोन्ही युक्त्यांचा निकाल कधीच लावला आहे, इंदोरी फटाका सायलेन्सर ही त्यांचीच देणगी. मोटारवाल्यांनी त्यांच्याकडे गुरू म्हणून पाहावे.

टोकाला चार इंची चकचकीत टिप बसवावी. दोन्ही बाजूंना दोन-दोन बसवल्यास उत्तम. त्यांतल्या तीन खोट्या असल्या तरी चालते, धूर कुठून येतो हे वाकून बघायला वेळ कोणाला आहे? बजेट फारच कमी असेल तर टिपेत बसवायची अ‍ॅल्युमिनियमची शिट्टी मिळते. तिने बिनटर्बोची गाडीही टर्बो असल्यासारखी शीळ घालते.

पायरी पाचवी: कॅट काढणे

ही पायरी वाचावी, करू नये. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, ते विषारी वायू निरुपद्रवी करते. तो काढला की आवाज मोकळा होतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पीयूसी होत नाही आणि सिग्नलला स्वतःच्याच धुराने डोळे चुरचुरतात. काढलेला कॅट फिटर "भंगार आहे साहेब, ठेवतो इथेच" म्हणून ठेवून घेतो. या सगळ्या व्यवहारात नफा झालेला तो एकमेव माणूस.

पायरी सहावी: फटाके

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून फट्, फट्, फटाक असे वाजावे, ही आजच्या तरुणाची आकांक्षा. याला पॉप्स अँड बँग्स म्हणतात आणि ते लॅपटॉप लावून ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरतात. एरवी पाय काढला की इंजिन पेट्रोल तोडते. ईसीयूत भरलेल्या नव्या मॅपने ते पेट्रोल चालू ठेवते, ठिणगी उशिरा देते आणि सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाऊन फुटते. त्या धगीत कॅट आणि टर्बो हळूहळू भाजतात. शंभरी ओलांडलेले पेट्रोल गाडी चालवण्यासाठी वापरण्यात कसली आली हौस? गाडी थांबवताना जाळायला दानत लागते.

पायरी सातवी: खोटा आवाज

वरचे काहीच जमत नसेल तर लाजू नये. २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यू एम ५ ची केबिन इतकी शांत झाली होती की कंपनीने इंजिनाचा आवाज गाडीच्याच स्पीकरमधून आत ऐकवला. फोक्सवॅगनने काही गाड्यांत काचेच्या बुडाशी थरथरणारे एक यंत्रच बसवले. आधी आवाज मारायला पैसे घ्यायचे, मग जिवंत करायला. जर्मन शिस्त म्हणतात ती हीच.

प्रयोगासाठी जागा

गाडी तयार झाली, आता ती ऐकवायची कुठे? टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक पाहणीत पुणे जगातल्या सर्वांत संथ शहरांत चौथे आले. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. अनेकांना हे ऐकून वाईट वाटले. त्यांनी असे निराश होऊ नये, कारण आपल्या कलेचा जन्मच या आकड्यातून झाला आहे. रस्ता मोकळा असता तर गाडी पळवून हौस फिटली असती. १८ च्या वेगात कोणती गाडी जोरदार हे डोळ्यांना कळू शकत नाही. ११० अश्वशक्तीची आणि शेजारची सीएनजी रिक्षा सिग्नलला एकाच वेळी पोचतात. मग मोठेपण कानावाटे पटवून द्यावे लागते. फर्ग्युसन रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबून, जागच्या जागी इंजिन ६००० फेऱ्यांवर नेणे ही त्यातली सर्वोच्च अवस्था. गाडी हलत नाही, पण शंभर जण वळून बघतात.

कात्रजचा बोगदा घुमण्यासाठी चांगला. मुंबईकरांना कोस्टल रोड आहे. तिथे सरळ मार्गावर ८० ची आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे, आणि ब्रीच कँडीच्या रहिवाशांच्या तक्रारींवरून आपल्या मंडळींची कामगिरी पोलिसांपर्यंत पोचली आहे. मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये एक सिग्नल दाखवला होता. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. इतरांच्या मते ही शिक्षा. आपल्या मते श्रोत्यांसाठी वाढीव वेळ.

भाद्रपदात गाडी बाहेर काढू नये. ढोलपथकांपुढे टिकाव लागत नाही आणि आत्मविश्वास खचतो.

संदर्भासाठी कलमे

निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्यातले कलम १९० (२) ध्वनिप्रदूषणासाठी: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बंद. कलम १९४ (फ): सायलेन्सर चुकवून धूर सोडणारा कटआउट वापरल्यास १ हजार, पुन्हा सापडल्यास २ हजार. कलम १८२ (अ): गाडीत परवानगी नसलेला बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार दंड किंवा दोन्ही, आणि दंड दर बदलामागे. पायरी तीन, चार, पाच आणि सहा मिळून २० हजार होतात. पायऱ्यांचे क्रमांक इथे दिले आहेत ते या बेरजेच्या सोयीसाठीच.

राज्यातल्या अनेक शहरांत पोलीस जप्त सायलेन्सर रांगेने मांडून त्यावरून रोडरोलर फिरवतात. त्याचा आवाज कोणी मोजलेला नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्र. मूळ सायलेन्सरचे काय करावे?
उ. माळ्यावर जपून ठेवावा. पीयूसीला, सर्व्हिस सेंटरला आणि गाडी विकताना तोच लागतो. 'एकही बदल केलेला नाही, कंपनी फिटेड' असे लिहिल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही, आणि येणारे गिऱ्हाईक ती घेऊन सरळ फिटरकडेच जाते.

प्र. ट्रॅफिकच्या मामांनी अडवले तर काय सांगावे?
उ. "गाडी अशीच आली कंपनीतून" असे सांगू नये. त्यांनी त्या दिवसात ते आधीच ऐकलेले असते.

प्र. हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम ऐकू यावे असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी म्हणाले होते. सायलेन्सरसाठी तशी सोय होईल का?
उ. महिंद्रने २०२४ मध्ये आणलेल्या विजेच्या गाड्यांचे आवाज ए. आर. रहमान यांनी केले आहेत. विजेच्या मोटारीला पुंगळीच नसते. पुढच्या पिढीने फिटर सोडून संगीतकार गाठावा.

प्र. शेजारी तक्रार करतात.
उ. म्हणजे काम नीट झाले आहे.

प्र. एवढे सगळे केल्यावर गाडी आधीपेक्षा जोरात पळेल का?
उ. कुठे?